हेलसिंकीचे घामघर आणि वस्तीतली मोरी

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. बाल्टिक समुद्राच्या काठचे, साडेसहा लाखांहून थोडी जास्त वस्ती असलेले शहर. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेत पाच लाखांची होती, म्हणजे अंतर फार नाही. सहलीच्या कंपन्या या शहराच्या जाहिरातीत तीन गोष्टी सांगतात. तिथली सुबक वस्तुकला, तिथला सौना आणि तिथला निसर्ग. आता आमचे वाचक म्हणतील, साखर कारखान्यात पाळी करणाऱ्याला, नगरपालिकेत झाडू धरणाऱ्या बाईला या हेलसिंकीचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.

जाण्याचे कारण असे झाले. आमची भाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तिथल्या आल्टो विद्यापीठात वस्तूंच्या आखणीचे, ज्याला डिझाइन म्हणतात त्याचे, शिक्षण घेत होती. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतल्या ७५ मुलामुलींना दरवर्षी मिळते, आणि अजूनही आपल्या कितीतरी घरांत तिचे नाव पोचलेले नाही. पालकांनी समाजकल्याण खात्यात चौकशी करावी. भाची म्हणाली, "मामा, माझे शिक्षण संपायच्या आत मामीला घेऊन या, नाहीतर कधीच येणार नाही." पतपेढीचे कर्ज काढले आणि जून २०२४ मध्ये आम्ही दोघे बारा दिवसांसाठी गेलो. व्हिसाचे कागद गोळा करताना बाबासाहेबांच्या एका पुस्तिकेचे नाव सारखे आठवत होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० मध्ये प्रसिद्ध केली. तिची पहिली हकीकत आपल्याच जिल्ह्यातली आहे. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून निघालेला छोटा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनावर उतरली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला निघाले होते. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही पोरांनी स्वतः हाकायची. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी नव्हते. नाक्यावर मागितले, मिळाले नाही. फिनलंडच्या वकिलातीने आम्हाला काही आठवड्यांत शिक्का मारून दिला. मसूर ते गोरेगावच्या रस्त्यावर मात्र त्या पोरांना कुणी दिला नाही.

असो. भाचीने पहिल्या दिवशी नेले ते वस्तुसंग्रहालयात. आम्हाला वाटले, राजांच्या तलवारी, सोन्याची भांडी असतील. पाहतो तर लाकडी स्टूल, काचेचे पेले, जेवणाच्या बशा. आमच्या सौ. म्हणाल्या, "हे तर आपल्या घरी मांडणीवर असते." भाची हसली आणि मग तिने एकेक वस्तू समजावून दिली. आल्वार आल्टो नावाचा वास्तुकार होऊन गेला, त्याच्याच नावाचे तिचे विद्यापीठ. त्याने पैमियो या गावी क्षयरोग्यांसाठी दवाखाना बांधला, तो १९३३ मध्ये पुरा झाला. तिथल्या रोग्यांसाठी त्याने वाकवलेल्या लाकडाची खुर्ची केली. तिच्या पाठीचा उतार असा ठेवला की बसणाऱ्याला श्वास घ्यायला सोपे जावे. खोलीत दोन रोगी असत. एकाने हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून धुण्याच्या भांड्याचा कोनही त्याने असा काढला की पाणी आवाज न करता पडावे. आम्ही सांगली-मिरजेकडची माणसे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभे केले, आणि वानलेसवाडीचे नाव आपल्याकडे क्षयाच्या दवाखान्यामुळेच घरोघरी माहीत झाले. गिरणीची आणि खडी फोडण्याची कामे केलेल्या आपल्या किती माणसांनी तिथे खाटेवर दिवस काढले असतील. त्यामुळे रोग्याच्या झोपेचा विचार करून केलेले ते भांडे आम्ही जरा जास्तच वेळ पाहत उभे राहिलो.

पण आमच्या मनात घर केले ते कपबशीने. कै फ्रांक या कारागिराने १९५३ मध्ये 'किल्टा' नावाची भांडी काढली. त्याआधी तिकडे बड्या घरांत डझनावारी भांड्यांचे नक्षीदार संच असत, पाहुण्यांची वेगळी, रोजची वेगळी. महायुद्धानंतर लोक लहान घरांत राहू लागले. फ्रांकने संच मोडला. साधी, बिननक्षीची, एकावर एक रचून ठेवता येणारी भांडी केली आणि ती सुटी विकायला काढली. फुटले तर तेवढेच नवे आणा. कोणतीही बशी कोणत्याही कपाखाली चालते.

कोणतीही बशी कोणत्याही कपाखाली! आमच्या वडिलांच्या तरुणपणी, म्हणजे १९७० च्या आसपास, माणदेशातल्या एका गावात हॉटेलाबाहेर भिंतीला खुंटी होती आणि तिच्यावर कानाचा टवका उडालेला कप असे. तो आपल्या लोकांचा. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाले की आपणच विसळायचा आणि पुन्हा खुंटीला लावायचा. वडील शेवटपर्यंत कुठेही चहा प्याले की कप स्वतः उचलून मोरीत नेत. सुनांना वाटे, सासऱ्यांना चांगली सवय आहे. आज ती खुंटी दिसत नाही, हे खरे. कागदी कप आले. काही ठिकाणी मनातली खुंटी गेली आणि काही ठिकाणी नुसती झाकली गेली. कुठे काय झाले ते गावात राहणाऱ्याला कळतेच.

आता सौनाकडे वळू. सौना म्हणजे लाकडी खोली, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर तापलेले दगड, समोर चढत्या बाकांच्या पायऱ्या. दगडांवर पाणी टाकले की वाफ उठते. अंगातून धारा लागतात. मग बाहेर येऊन गार पाण्याने न्हायचे किंवा समुद्रात उडी मारायची. आम्ही त्याला घामघर म्हणतो. छप्पन्न लाख लोकांच्या या देशात अशी घामघरे तीस लाखांच्या वर आहेत, संसदेच्या इमारतीतही आहे. २०२० मध्ये युनेस्कोने या रिवाजाला मानवी वारशाच्या यादीत घेतले. जुन्या काळी खेड्यात घामघर हीच सर्वांत स्वच्छ आणि ऊबदार खोली. बाईची बाळंतपणे तिथे होत आणि मेलेल्या माणसाचे शेवटचे न्हाणेही तिथेच.

श्रीमंतांनी जावे अशी नवी घामघरे समुद्रकाठी झाली आहेत. आम्ही मात्र कल्लिओ भागात गेलो. ही पूर्वीची कामगारवस्ती. एकेका खोलीत कुटुंबे राहत, आत न्हाणीघर नसे, म्हणून गल्लीगल्लीत सार्वजनिक घामघरे निघाली. त्यांतले कोटिहार्यू नावाचे १९२८ पासूनचे. भट्टी अजून लाकडावर चाले. पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी. दारातच फुटपाथावर घामाने लाल झालेले पंचेवाले बापे गार वाऱ्याला बसलेले, आणि येणारा-जाणारा त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही.

आत अंगावर सूत ठेवायचे नसते हे भाचीने आधी सांगितले नव्हते. बहुधा मुद्दामच. पन्नाशीकडे झुकलेला कारकून माणूस, संकोचाने आमचे काय झाले ते विचारू नका. पण पाच मिनिटांत एक गोष्ट ध्यानात आली. तिथे कोण मास्तर, कोण ट्रामचालक, कोण साहेब, काहीच कळत नव्हते. वरची पायरी जास्त तापते, म्हणून वर बसायला जन्म लागत नाही, दम लागतो. आम्ही मधल्या पायरीवरच थांबलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, कुठले? म्हटले, भारत. त्याने मान हलवली आणि पळीभर पाणी टाकू का विचारले. बस्स. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न आला नाही. आपल्याकडे त्या प्रश्नाचा अर्थ काय असतो हे वाचकांना सांगायला नको. आपल्या नदीकाठच्या घाटावर कपडे उतरले तरी जानवे अंगावर राहतेच. आणि आपला पाणवठा तर घाटापासून लांब, गावाच्या खालच्या अंगाला. सगळ्या गावाचे धुऊन झालेले पाणी आपल्या वाट्याला.

काहींना वाटेल, हे सगळे परक्यांचे कौतुक चालले आहे. तर बंधू-भगिनींनो, घामघर आपल्या धम्मातही होते. विनयपिटकातला चुल्लवग्ग उघडून पाहा. वैशालीला भिक्खूंना गोडाधोडाची भोजने मिळत गेली आणि ते आजारी पडले. वैद्य जीवक कौमारभृत्य काही कामाने तिथे आला होता. त्याने त्यांची स्थिती पाहिली आणि तथागतांना दोन गोष्टी सुचवल्या. एक चंक्रमण, म्हणजे फेऱ्या मारायची जागा, आणि दुसरी जंताघर, म्हणजे शेकोटीने तापवलेली घाम काढायची खोली. तथागतांनी दोन्हींना अनुमती दिली. पुढे एकेक अडचण येत गेली तसतसे नियम झाले. जोते उंच असावे, म्हणजे पाणी शिरणार नाही. धूर जायला वाट असावी. खोली लहान असेल तर आगटी एका बाजूला, मोठी असेल तर मध्ये. तोंड भाजू नये म्हणून चेहऱ्याला लावायला माती. बसायला चौरंग, खाली फरसबंदी, पाणी जायला मोरी, दाराला कडी. श्रीलंकेत अरंकेले इथल्या जुन्या विहाराच्या अवशेषांत आजही जंताघराची जागा दाखवतात.

त्याहून मोलाचे आहेत ते वागण्याचे नियम. आत थेरांना खेटून बसू नये, आणि नवख्या भिक्खूला आसनावरून उठवूही नये. नग्न असताना कुणी कुणाला वंदन करू नये, करवूनही घेऊ नये. जो शेवटी बाहेर पडेल त्याने जागा धुवावी, आग विझवावी, दार लावावे. आणि हे नियम पहिल्या संगीतीत राजगृहाला कुणी सांगितले? उपालीने. शाक्य कुमारांच्या डोक्यावर वस्तरा चालवणाऱ्या नापिताने. शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आधी उपालीला घ्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. त्या नापिताच्या तोंडून न्हाणीघराचा कायदा आला. हेलसिंकीच्या त्या तापलेल्या बाकावर घाम पुसत आम्ही मनात उपालीलाच वंदन केले. नियम मोडला म्हणा हवे तर.

निसर्गाबद्दल थोडक्यात. हेलसिंकीच्या बाजारचौकातून निघणारी बोट शहराच्या साध्या तिकिटावर पंधरा मिनिटांत सुओमेनलिन्ना या किल्ल्याच्या बेटांवर नेते. १७४८ मध्ये स्वीडनच्या राजवटीत तो किल्ला बांधायला घेतला होता. दगडी तट, गवत आणि समुद्र. लोक जेवणाचे डबे घेऊन दिवसभर बसतात. पण १९१८ च्या यादवीत हरलेल्या कामगारपक्षाच्या लोकांना याच बेटांवर डांबले होते आणि कितीतरी उपासमारीने, रोगाने मेले, हे भाचीने सांगितल्यावर गवताकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले. तेव्हा फिनलंड म्हणजे स्वर्ग असे कुणी समजू नये. उत्तरेकडचे सामी आदिवासी आजही आपल्या जमिनीसाठी झगडत आहेत, आणि तिथल्या रोमा लोकांना काय सोसावे लागले हे त्यांना विचारावे.

मात्र एक रिवाज त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे. त्याला ते 'प्रत्येक माणसाचा हक्क' म्हणतात. रान कुणाच्याही मालकीचे असो, कुणीही त्यातून पायी चालावे, बोरांसारखी रानफळे आणि अळंबी वेचावी, एखादी रात्र तंबू ठोकावा. परवानगी नको, पैसे नकोत. परदेशी माणसालाही हा हक्क आहे. अट एवढीच की कुणाच्या अंगणात शिरू नये, पीक तुडवू नये, झाड तोडू नये, घाण करू नये. नूक्सिओच्या रानात आम्ही दिवसभर हिंडलो. सुरुवातीला प्रत्येक वळणावर आता कुणीतरी हटकेल असे वाटत होते. आमच्या आजीने दुसऱ्याच्या बांधावरची शेणकुटे उचलली म्हणून शिव्या खाल्लेल्या. रक्तात बसलेली भीती विमानाने जात नाही. संध्याकाळपर्यंत गेली. जूनमध्ये तिथे संध्याकाळही रात्री अकराला होते म्हणा.

परत आल्यावर संविधान काढून कलम १५ चा दुसरा खंड वाचला. कलम १७ आपल्याला पाठ असते, हा खंड सहसा कुणी काढत नाही. त्यात काय आहे पाहा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणाने अडवता येणार नाही. आणि सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, लोकांच्या वावराच्या जागा यांतूनही नाही. म्हणजे कपबशी, न्हाणी आणि रान-किनारा, आम्ही हेलसिंकीत जे तीन पाहिले ते बाबासाहेब आणि संविधान सभेने १९४९ मध्येच एका खंडात बांधून ठेवले आहे. स्नानाचे घाट हे शब्द त्यात उगाच आलेले नाहीत. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि तो खटला उच्च न्यायालयात १९३७ मध्ये संपला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली. डॉ. बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' मोहीम घेऊन १९७० च्या दशकातही गावोगाव फिरावे लागले.

हेलसिंकीच्या नळाला येणारे पाणी पैयान्ने सरोवरातून १२० किलोमीटरच्या बोगद्याने येते. १९८२ मध्ये तो पुरा झाला. मंत्र्याच्या घरी आणि कल्लिओच्या खोलीत तेच पाणी. आता नळ आपल्याकडेही आला, वस्तीत टाकी झाली. मग उरले काय?

उरले ते आमच्या सौ.नी सांगितले. कोटिहार्यूच्या बायकांच्या बाजूला त्या भाचीबरोबर दीड तास होत्या. बाहेर आल्या, फुटपाथावर बसल्या आणि बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सत्तरीच्या बाया होत्या आत. निवांत बसलेल्या. कुणाला घाई नाही. मी लग्नाआधी अशी कडी लावून, गरम पाण्याने, सावकाश आंघोळ एकदाही केली नव्हती." त्यांचे माहेर वाळवा तालुक्यात. मागच्या पडवीत दोन बांबूंना जुने लुगडे बांधायचे, पहाटे चारला उठायचे, पुरुष उठायच्या आत दोन तांबे अंगावर घ्यायचे. पाळीच्या दिवसांत तेवढेही नाही. आम्ही पंधरा वर्षे वस्त्यांतून सभा घेतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, पण आंघोळ कुठे करता असे एकाही बाईला आम्ही विचारले नव्हते, आणि कुणी आपणहून सांगितले नव्हते.

आल्यावर विचारायला सुरुवात केली. सौ.च विचारतात, आम्ही लांब थांबतो. मिरज आणि कराड तालुक्यांतल्या काही वस्त्यांत अजून हीच तऱ्हा दिसली. संडास आहे. स्वच्छ भारतचे १२ हजारांचे अनुदान मिळाले, भांडे बसले, दार बसले. पण न्हाणी त्या अनुदानात धरलेली नाही. मग काही बाया संडासातच भांड्यावर फळी टाकून अंग धुतात. ऊसतोडीला गेल्या की कोपीच्या मागे चिपाडाचा आडोसा. घरकुलात न्हाणी असते, पण घरकुल मिळालेल्यांच्याच.

विहार तर आपल्या बहुतेक वस्त्यांत झाला आहे. वर्गणीने, श्रमदानाने झाला, मूर्ती थायलंडहून आली, फरशी गुळगुळीत झाली. आता त्याच्या मागच्या बाजूला बायकांसाठी दोन न्हाण्या का असू नयेत? बुद्धाच्या विहारात न्हाणीघर शोभत नाही असे कुणी म्हणाले तर त्याला चुल्लवग्ग दाखवावा. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात आगाशिवची साठाहून अधिक लेणी आहेत. कोरलेल्या स्तंभावर धम्मचक्र आणि सिंह, आणि लेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर फोडणाऱ्यांनी भिक्खूंच्या निजायच्या ओट्याबरोबर पाण्याचीही सोय केली होती. आपली मुले तिथे सहलीला नेली तर टाकी आधी दाखवा.

ज्यांच्या मनात आहे त्यांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची वाट धरावी. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच होते. ती खरोखर भरवा आणि मागणी तिथूनच येऊ द्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून जिल्हा परिषदेकडे अर्ज करून पाहावा. नाही बसले तर ग्रामपंचायतीच्या निधीतून मागावे, तेही नाही जमले तर विहाराच्या वर्गणीतून. आमच्या ओळखीच्या गवंड्याकडून आम्ही माप काढून घेतले आहे. सहा फूट बाय पाच फूट. जोते दीड फूट, फरशी खरबरीत म्हणजे पाय घसरणार नाही, पाणी जायला मोरी आणि तिचा उतार गटाराकडे. बसायला दगडी ओटा, म्हाताऱ्या बायांना लागतो. बाहेरच्या बाजूला चुलीची जागा आणि वर धुराला वाट. एक उंच झरोका. दार पत्र्याचे, आणि सौ.नी दोनदा बजावून लिहायला सांगितले आहे, कडी आतून.